डावी मूठ

पोरं विचारतात, काका, मूठ डावीच का?
एका प्राध्यापकाने तर त्यावर अर्धा तास भाषण ठोकलं होतं
कोर्टनाक्यावर, टेम्पोच्या हौद्यात उभं राहून.
खरं सांगू?
उजव्या हातात चहाचा ग्लास होता.

वागळे इस्टेट. स्प्रिंगांचा कारखाना.
गेटसमोर मंडप, संपाचा एकेचाळिसावा दिवस,
सकाळी मोर्चा, आणि फलकावर चित्र नाही.
लहू शेलवलेला म्हटलं, हात वर धर जरा.
भिंतीवर सावली पडली ती कागदावर उतरवली,
पेरं जवळ जाऊन बघून काढली.
गच्चीतल्या उन्हात स्क्रीन धरली, नळाखाली धुतली,
तेव्हा कुठे लक्षात आलं:
तीन बोटं आणि अंगठा.
तर्जनी पॉवर प्रेसने आदल्याच वर्षी नेलेली.

ब्रशने एक बोट भरून टाकतो, मी म्हणालो.
लहू म्हणाला, कंपनीने नाही भरलं,
तू कशाला भरतोस?

मग ती मूठ माझ्या हातात राहिली नाही.
पाण्याच्या मोर्चाला निळी गेली, फीवाढीला काळी,
लाल तर कितीदा. एकाच लाल डब्यातून दोन युनियनी नेत,
आणि नाक्यावर एकमेकींकडे बघत नसत.
झोपड्या पाडल्या त्या आठवड्यात शाई संपली,
गेरू कालवून छापली.
पुढे एका दहीहंडी पथकाने टी-शर्टावर घेतली,
पैसे रोख दिले, मी नाही म्हटलं नाही.
एकदा हवालदार आला. खाली मुद्रकाचं नाव का नाही?
म्हटलं, साहेब, नाव वरच आहे,
वाचता येत नाही एवढंच.
त्याबद्दल एक रात्र बसवून ठेवलं.

तीन हात नाक्यावर
खांबाखांबावर ती चिकटलेली असायची,
कुणी बोटं मोजली नाहीत.

परवा राबोडीची नौशीन आली.
नाकात कडी, पाठीवर सॅक, सॅकला बिल्ले बिल्ले,
बोटांना स्प्रेचा हिरवा रंग.
कंत्राटी सफाईवाल्यांचे आठ महिने थकलेत,
स्टिकर हवेत, दोन हजार.
लॅपटॉप उघडला. माझीच मूठ.
जुन्या फोटोतून घेतली, म्हणाली, थोडी डॅमेज होती,
नीट केली.
चार बोटं. अंगठा. गुळगुळीत.
मला काही बोलता आलं नाही.
छापून दिली. दोन हजार.

कारखान्याच्या जागेवर आता एकतीस मजले आहेत.
खाली केबिनमध्ये निळ्या गणवेशात वॉचमन बसतो,
लहू शेलवले, वय एकाहत्तर, कागदावर अठ्ठावन्न.
सोसायटीचं फर्मान: भिंतीवरचे स्टिकर
साडेनऊच्या आत निघाले पाहिजेत.
मी गेलो तेव्हा तो नाण्याने खरवडत होता,
नाणं अंगठा आणि मधल्या बोटात धरलेलं,
जिथे तर्जनी असायची तिथे नुसतं थोटूक हलत होतं,
जणू तेही कामावर आहे.

म्हटलं, लहू, ही कुणाची मूठ ओळखलीस का?
त्याने चष्मा वर करून पाहिलं.
नाही बुवा, म्हणाला. पाच बोटं आहेत हिला.

मग उरलेला कोपरा ओढला, सहज निघून आला,
त्याने तो माझ्यापुढे धरला आणि चिडलाच:
हे काय काम आहे? असं निघतं होय?
तुमच्या पोरांना सांग, हा आयता गोंद ठेवा बाजूला.
मैदा घ्या, पातळ शिजवा,
चिमूटभर मोरचूद टाका,
भिंत आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या.
आपली कधी निघाली होती का
कुणाच्या बापाला?

आज सकाळी नौशीन ओट्यावर बसून
माझ्या स्टोव्हवर खळ ढवळत होती.
गुठळ्या झाल्यात. शिकेल.
तिने विचारलं, काका, मग नेमकं कुठलं बोट काढू?
मी हात वर केला, दाखवायला,
आणि पाहतो तर
उजव्या हातात चहा.